अलगदराव आणि आरशातल्या बाई

आमच्या डेपोत कुणाचंही खरं नाव फार दिवस टिकत नाही. मला पाळणेवाली म्हणतात. नवीन माणसाला वाटतं, ही बाई पोरं सांभाळत असेल. तसलं काही नाही. प्रशिक्षण विभागाच्या मागच्या शेडमध्ये सहा लोखंडी पायांवर बसची एक केबिन उभी आहे. म्हणजे बसचा नुसता पुढचा तुकडा: सीट, स्टिअरिंग, पेडल, आरसे. समोर अर्धगोल पडदा आणि पडद्यावर रस्ता. आत बसलेल्याने ब्रेक दाबला की ते सहा पाय खालीवर होतात आणि केबिन हलते. कागदोपत्री याला सिम्युलेटर म्हणतात. पहिल्याच दिवशी एक ड्रायव्हर आत बसला आणि अंगाई कोण म्हणणार म्हणून त्याने विचारलं. झालं. तो झाला पाळणा आणि मी पाळणेवाली. त्याआधी बारा वर्षं मी वर्कशॉपात बसचे ब्रेक दुरुस्त केले, हे आता कुणाला आठवतही नाही.

ज्यांच्याविषयी सांगायला बसले आहे त्यांचं नाव होतं अलगदराव. तेही डेपोनेच ठेवलेलं. त्यांची बस थांबली की आतल्या माणसाला कळायचं नाही, खिडकीतून बघावं लागायचं. एक म्हातारे गृहस्थ म्हणे पेपर वाचता वाचता तीन स्टॉप पुढे गेले आणि बस मध्ये थांबलीच नाही म्हणून तक्रार द्यायला आले. ही गोष्ट शंभर टक्के बनवलेली आहे. पण ती दुसऱ्या कुणाच्या नावावर बनवावी असं कुणाला वाटलं नाही, यातच काय ते आलं.

माणूस दिसायला काही विशेष नाही. बुटके, जाड भिंगाचा चष्मा, बाहीचं बटण कायम लावलेलं. बोलणं कमी. एकतीस वर्षं बस चालवली आणि तीन वर्षं उरली होती. आणि नेमका तेव्हाच नवा नियम आला.

नियम असा की पंचावन्न ओलांडलेल्या प्रत्येक ड्रायव्हरने पाळण्यात बसून परीक्षा द्यायची. बारा स्टॉप. प्रत्येक थांबणं यंत्र मोजणार आणि झटका बसला की खूण करणार. तीन झटके माफ, चौथ्याला नापास. तीन आठवड्यांनी दुसरी संधी, आणि त्यातही नापास झाला तर स्टिअरिंग सुटलं. मग निवृत्त होईपर्यंत फाटकावर उभं राहून आत-बाहेर करणाऱ्या बसना हात दाखवायचा. ज्याने एकतीस वर्षं बस चालवली त्याला हे काम म्हणजे काय, ते मी सांगायला नको.

पहिल्या यादीत बारा जण होते. अलगदराव सातवे. ते आत चढले, सीट पुढे घेतली, आरसे बघितले, आणि मधल्या आरशाकडे जरा जास्तच वेळ बघत राहिले. मग चालवायला लागले. मी बाहेर माझ्या खुर्चीत, समोर आकडे, बाजूच्या काचेतून आतला माणूस दिसतो. पहिला स्टॉप, झटका. दुसरा, झटका. मला वाटलं यंत्रच बिघडलं. चौथ्यापर्यंत मी दोनदा तारा तपासल्या. शेवटी सात. बारापैकी सात! आमच्या डेपोत सरळ रस्त्यावर खांब पाडणारे दोघे आहेत, त्यांनासुद्धा सहाच आले होते.

उतरल्यावर सगळ्यांना मी एक कागद भरायला देते. त्यात एक प्रश्न आहे: हालचाल किती खरी वाटली, एक ते दहापैकी आकडा लिहा. बाकीच्यांनी दोन, तीन असं काहीतरी रागाने खरडलं होतं. अलगदरावांनी सगळा कागद भरला, ती एक जागा तेवढी कोरी ठेवली. मग मला विचारलं, "ही बस रिकामी आहे का गं?"

मी आधीच वैतागलेली. म्हटलं, काका, परीक्षेची बस आहे, तिच्यात कोण असणार? ते बरं म्हणाले, टोपी उचलली आणि गेले. त्या माणसाने मला उत्तर हातात आणून दिलं होतं आणि मी ते उंबऱ्यावरूनच परत पाठवलं. माझा स्वभावच मेला असा आहे.

बारापैकी नऊ नापास झाले. डेपोत माझ्याशी बोलणं बंद. कँटीनमध्ये मी बसले की टेबल रिकामं. अलगदराव नापास होतात म्हणजे यंत्र आंधळं आहे असं जो तो म्हणायला लागला. आमच्या साहेबांचं म्हणणं वेगळंच: यंत्राला ना सासर ना माहेर, ते कुणाची बाजू घेत नाही. मी साहेबांसमोर मान डोलावली आणि शेडमध्ये येऊन पाळण्याला एक लाथ घातली. कारण यंत्र कुणाची बाजू घेत नसेल, पण ते लावणारी मी होते.

इथे थोडं यंत्राचं सांगते, कंटाळू नका. पाळणा एका जागी उभा आहे, तो पुढे जातो हातभर, मागे हातभर. खरी बस ब्रेक लागल्यावर वीस-तीस पावलं अंग पुढे ओढत राहते. मग हातभर जागेत ते कसं करायचं? फसवायचं. केबिन हळूच पुढच्या बाजूला झुकवायची. पडद्यावर रस्ता सरळच दिसतो, त्यामुळे आपण झुकलोय हे कळत नाही. आपलंच वजन आपल्याला पुढे ढकलतं आणि अंगाला वाटतं ब्रेक लागला. सगळी गंमत हळूच या शब्दात आहे. पटकन झुकवलं की अंग चोरी पकडतं, मग डोकं गरगरतं आणि पोट वर येतं.

ड्रायव्हर म्हणायचे, ब्रेक लागल्यासारखं वाटतच नाही. मी म्हणायचे, थांबा, वाढवते. आणखी झुकवलं. तरी नाही. आणखी वाढवलं. मग मी माझ्या मते फार हुशारी केली. झटके मोजणारी एक डबी खऱ्या बसच्या ड्रायव्हर सीटखाली बांधली, अख्खा मार्ग फिरून आले, आणि खऱ्या सीटला जेवढे हिसके बसतात तेवढेच बरोब्बर पाळण्याला लावून दिले. तसूभर फरक नाही. आता कोण खोटं म्हणतं बघू! सगळेच म्हणाले. वर दोघांना उलट्या झाल्या आणि मला शेडमध्ये बादली ठेवावी लागली. निळी बादली. तिच्यावरून माझी जी थट्टा झाली ती मी इथे सांगणार नाही.

तर अलगदराव नापास झाल्यावर तिसऱ्या दिवशी मी ती डबी पिशवीत घातली आणि त्यांच्या बसमध्ये चढले. खरं सांगायचं तर मनात पाप होतं. मला बघायचं होतं की एवढं नाव आहे ते खरं आहे का. की एकाने म्हटलं म्हणून सगळे म्हणतात? बस भरलेली. मी मधल्या दांड्याला धरून उभी राहिले आणि तीन स्टॉपनंतर दांडा सोडला. मुद्दाम. एक हात पिशवीत डबीवर, एक खिशात. पुढचे आठ स्टॉप मी तशीच उभी होते आणि माझा पाय जागचा हलला नाही. एक बाई बसल्या बसल्या पोराला औषध पाजत होत्या. चमचा काठोकाठ भरलेला. बस थांबत होती तेव्हा त्यांनी तो पोराच्या तोंडात घातला. त्या बाईंनी वर बघितलंसुद्धा नाही.

मला आतून लाज वाटायला लागली. आणि मग एक गोष्ट दिसली. दर वेळी ब्रेक लावताना अलगदरावांची नजर वर जायची. मधल्या आरशाकडे. पुढचा रस्ता, आरसा, रस्ता, आरसा. आणि बस अगदी थांबायच्या क्षणी त्यांचा पाय ब्रेकवरून किंचित उठायचा.

शेवटच्या स्टॉपवर दहा मिनिटं थांबा असतो. बस रिकामी झाल्यावर मी पुढे गेले आणि विचारलं, काका, तुम्ही आरशात काय बघता? ते म्हणाले, डोकी.

मग त्यांनी सांगितलं. नोकरीचं दुसरं वर्ष. रस्त्यात कुत्रं आलं आणि त्यांनी कचकन ब्रेक मारला. कुत्रं वाचलं. पुढच्या दांड्याजवळ एक म्हातारी बाई उभी होती, दोन्ही हातांत दोन पिशव्या. ती पडली आणि खुब्याचं हाड मोडलं. चूक कुणाची म्हणायची? चौकशीत अलगदराव सुटले. पण पुढचे आठ महिने ते सुट्टीच्या दर दिवशी त्या बाईंकडे जात राहिले, आधी दवाखान्यात, मग घरी. बाईंनी एकदाही शिव्या घातल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "धरायला हातच नव्हता रे माझा." शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं, असं अलगदराव म्हणाले.

तेव्हापासून ते ब्रेक लावताना आरशात उभ्या माणसांची डोकी बघतात. आपण सीटवर पट्ट्याने बांधलेले, स्टिअरिंग घट्ट धरलेलं, आणि ब्रेक आपणच दाबणार हे आपल्याला आधीपासून माहीत. आपल्या अंगाला काय डोंबल कळणार? उभ्या माणसाला माहीत नसतं. त्याचं डोकं खरं सांगतं. डोकी पुढे जायला लागली की पाय जरा हलका करायचा, आणि थांबता थांबता ब्रेक चिमूटभर सोडायचा, म्हणजे डोकी उलटी मागे जात नाहीत. डेपोतल्या जुन्या ड्रायव्हरांनी त्यांचं बघून हेच उचललं होतं, बोलून नाही, नुसतं शेजारी बसून. त्यांना विचारलं असतं तर त्यांनी सांगितलं असतं की ब्रेक आम्हाला बुडाला कळतो. कळत होता डोळ्याला.

मी त्या रिकाम्या बसमध्ये स्वतःलाच एक शिवी घातली. कारण पाळण्यातला मधला आरसा म्हणजे एक छोटा पडदा आहे, आणि कॉम्प्युटरवर भार नको म्हणून त्यात रिकाम्या बसचा एक फोटो मीच चिकटवला होता. कोऱ्या बाकांचा फोटो. नऊ माणसांनी त्या फोटोकडे बघत ब्रेक मारले होते आणि त्यांचं स्टिअरिंग जायची वेळ आली होती. आणि मी काय करत होते? सीट आणखी जोरात हलवत होते.

आता उरले होते अडीच आठवडे. मी आरशात माणसं बसवायला घेतली, म्हणजे उभी करायला. अकरा आकृत्या, साध्याच, चेहरे धड नाहीत. फक्त त्यांची डोकी बस हलेल तशी हलली पाहिजेत. ते काही केल्या जमेना. सगळी डोकी एकदम पुढे, एकदम मागे, कवायत चालल्यासारखी. शेवटी रविवारी सकाळी अलगदरावांच्या घरी गेले.

सायकलच्या दुकानावर दोन खोल्या. पुढच्या खोलीत खिडकीला लागून शिलाई मशीन, कारण काकू घरी पँटच्या कडा दुमडून देतात. खुर्च्यांवर, पलंगावर, दाराच्या कडीवर, जिकडे बघावं तिकडे दुसऱ्यांच्या पँट. मला बसायला काकूंनी चार पँट उचलून जागा केली आणि चहा टाकला. मी अडचण सांगितल्यावर अलगदराव उठले, काकूंचा कापड कापायचा पाट घेतला, त्यावर दोऱ्याची रिळं उभी केली आणि पाट दोन्ही हातांत धरून खोलीत चालायला लागले. जाड रीळ आधी हलत नाही, पण हललं की थांबत नाही. बारीक रीळ लगेच डुलतं. दांडा धरलेला माणूस खांद्यातून वळतो, न धरलेला पाय टाकतो. ज्याचं लक्ष फोनमध्ये तो सगळ्यात उशिरा सावरतो. मी भराभर लिहून घेत होते. काकू म्हणाल्या, तीस वर्षं मला वाटत होतं हे माझ्या मशीनकडे कौतुकाने बघतात, बघत होते ते रिळांकडे.

मग ते म्हणाले, "आणि तुझा पाळणा निम्म्याने कमी कर. एवढा हलतो की आपण माणूस नाही, सामान आहोत असं वाटतं." मी म्हटलं, अहो काका, खऱ्या सीटइतकाच हलतो, मोजलंय मी. ते म्हणाले, मोजलं असशील, पण खऱ्या बसमध्ये मला ते जाणवत नाही ना. मी वाद घालणार होते. मग बादली आठवली आणि तेही लिहून घेतलं.

निघताना त्यांनी एक मागणी केली. पुढच्या दांड्याजवळ एक म्हातारी बाई उभी कर, दोन्ही हातांत पिशव्या. मी हो म्हटलं.

मला सोडायला ते खाली सायकलच्या दुकानापर्यंत आले. वरून काकूंची हाक आली, अहो, एक चप्पल वरच राहिली. बघते तर उजवा पाय अनवाणी. खाली दुकानाच्या दारात खडी होती आणि त्या खडीवर ते आरामात उभे होते. अलगदराव हसले, म्हणाले, हा पाय हल्ली जरा झोपाळू झालाय. मीही हसले.

पुढचं सगळं मनासारखं झालं. डोकी हलायला लागली. पाळणा मी निम्म्यावर आणला. उरलेल्या आठ जणांची दुसरी परीक्षा एकेक करून झाली आणि आठच्या आठ पास. खांब पाडणारे दोघेसुद्धा, आता बोला. उतरल्यावर जो तो म्हणे, आता ब्रेक लागतोय बघ, आता कसं बुडाला कळतंय! मी पाळणा निम्म्याने कमी केलाय हे कुणालाच सांगितलं नाही. कागदावर आठ, नऊ असे आकडे यायला लागले. कँटीनमध्ये मला पुन्हा खुर्ची मिळाली. निळी बादली शेडच्या दारात झाडाला पाणी घालायला गेली. मी आपली हवेत.

अलगदराव सगळ्यात शेवटी आले. त्यांनी स्वतःच तसं मागून घेतलं होतं, आधी बाकीच्यांचं होऊ दे म्हणून. सकाळचे अकरा वाजले होते. ते चढले, सीट पुढे घेतली, आणि मधल्या आरशात बघून थांबले. त्या बाई उभ्या होत्या. मी त्यांना राखाडी केस दिले होते आणि दोन पिशव्या. अलगदरावांनी बाहीचं बटण तपासलं आणि बस सोडली.

काय चालवली म्हणून सांगू! मी बाहेर आकडे बघणं सोडून दिलं आणि आरशाचंच चित्र माझ्या पडद्यावर घेतलं. अकरा डोकी, आणि एकेक स्टॉपला ती नुसती श्वास घेतल्यासारखी हलत होती. पाचवा स्टॉप उतारावर आहे, तिथे भल्याभल्यांची तारांबळ उडते. डोकी हललीच नाहीत. मी ब्रेकमध्ये अर्धं आयुष्य घालवलंय, पण असं थांबणं मी आकड्यांत कधी पाहिलं नव्हतं. डोळ्यात पाणी आलं माझ्या, खोटं कशाला बोलू.

नववा स्टॉप गेला. त्यानंतर परीक्षेत एक गंमत आहे. दर वेळी वेगळ्या जागी गल्लीतून कुणीतरी आडवं येतं, कधी गाडी, कधी माणूस. त्या दिवशी सायकल आली.

ब्रेक लागला, पण उशिरा आणि सगळाच्या सगळा. पाळणा पुढे झुकला. आरशात दहा डोकी जोरात पुढे गेली आणि कशीबशी मागे आली. अकरावं डोकं खाली गेलं ते गेलंच. पुढच्या दांड्याजवळ कुणी उरलं नाही.

सायकलवाला वाचला होता. मी म्हणणार होते, काका, चालू द्या, एकच झटका आहे. तेवढ्यात त्यांनी हँडब्रेक ओढला. इंडिकेटर लावला. इंजिन बंद केलं. पट्टा सोडला, आणि अलगदराव सीटवरून उठून मागे वळले.

त्या केबिनला मागे काही नाही. सीटमागे दीड हात जागा आणि मग प्लायवूडची भिंत. ते त्या दीड हातात उभे राहिले, थोडे वाकलेले, एक हात पुढे केलेला, आणि खाली बघत होते. मी खुर्चीतून उठून काचेपाशी गेले. मग त्यांनी हात मागे घेतला, भिंतीला एकदा लावला, आणि परत सीटवर बसले. इंजिन सुरू केलं. उरलेले तीन स्टॉप त्यांनी पूर्ण केले, अलगद, एकही खूण न होऊ देता. रस्ता अर्धवट सोडून उतरणाऱ्यांतले ते नव्हतेच.

बारा स्टॉप, एक झटका. पास. मी धावत जाऊन दार उघडलं आणि सांगितलं, काका, पास झालात! ते पायरीवर बसले, उजवा बूट काढला, आणि पायाच्या बोटांकडे बघत राहिले. मग म्हणाले,

"सायकल आली तेव्हा पाय ब्रेकवर आहे की नाही तेच मला कळलं नाही. दोन वर्षं मी आरशात बघून चालवतोय, पायाने नाही. आरशात बघायला वेळ होता तोवर भागलं."

मी भांडले. हो, भांडलेच. म्हटलं, तीन माफ आहेत, तुमचा एकच आहे. म्हटलं, तीनच वर्षं राहिलीत. म्हटलं, खऱ्या रस्त्यावर एकतीस वर्षांत एक माणूस पडलंय, बाकीच्यांची मोजायला बसलो तर रात्र होईल. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. शेवटी मी आवाज खाली आणला आणि म्हटलं, काका, ते उठणं-बिठणं यंत्रात कुठे येत नाही. हे फक्त आपल्या दोघांना माहीत आहे.

"तिघांना," ते म्हणाले. "बाई पडल्या ना."

बूट घालून ते थेट साहेबांकडे गेले. साहेब आधी गोंधळलेच. नापास होऊन भांडायला येणारे त्यांना ठाऊक होते, पास होऊन स्टिअरिंग सोडायला आलेला त्यांनी बघितला नव्हता. पास म्हणजे पास, असं ते दोनदा म्हणाले. अलगदरावांनी पाय डॉक्टरला दाखवायची चिठ्ठी मागून घेतली आणि बसची किल्ली टेबलावर ठेवली. डॉक्टरने टाचणी टोचून बघितली. पावलाच्या पुढच्या अर्ध्या भागात काहीच कळत नव्हतं.

फाटकावर मात्र मी त्यांना जाऊ दिलं नाही. साहेबांच्या खोलीत उभी राहून म्हटलं की पाळणा आज खरा वाटतो तो या माणसामुळे, त्याला फाटकावर उभं करायचं असेल तर शेजारी मलाही करा. माझी जीभ मला कायम गोत्यात आणते, त्या दिवशी तेवढी कामाला आली. आता अलगदराव शेडमध्ये असतात. पाळण्याच्या दाराशी एक स्टूल आहे, त्यावर काकूंनी उरलेल्या पँटच्या तुकड्यांची गादी शिवून दिली आहे. नवीन ड्रायव्हर आत चालवत असतो आणि हे बाहेर माझ्या पडद्यावर आरसा बघत असतात. त्या बाई बारा स्टॉप उभ्या राहिल्या तर ते बरं म्हणतात. एवढंच. पण त्या एका बरंसाठी पोरं माझ्याकडे दुसरी, तिसरी फेरी मागतात, आणि यंत्राचा आकडा विचारायचंही विसरतात.

त्या दिवशीचं एक राहिलं. साहेबांकडून ते परत आले तेव्हा मी रडून डोळे लाल करून बसले होते. ते म्हणाले, कागद भरायचा राहिला ना, आण. मी म्हटलं, आता कशाला? म्हणाले, सगळ्यांनी भरलाय. स्टुलावर बसून त्यांनी सगळा कागद भरला, नाव, वय, नोकरीची वर्षं, आणि मला देऊन घरी गेले. तो मी फाईलला लावला नाही, माझ्या खणात ठेवला आहे. हालचाल किती खरी वाटली, एक ते दहापैकी आकडा लिहा, या प्रश्नापुढे या वेळी जागा कोरी नव्हती. आकडाही नव्हता. तिथे लिहिलं होतं: बाईंना उचलायला उठलो.